अपारंपरिक ऊर्जास्रोतांचे फायदे आणि तोटे काय आहेत?

पुणेकर आहे, म्हणून आधी गच्चीवरच्या सोलरबद्दल. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. इंधनाचा खर्च नाही, धूर नाही. जास्तीची वीज नेट मीटरमधून ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांमध्ये, जाते आणि बिलातून वजा होते. २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदानही आहे.

पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं, "सोलर बसवलं की लाइट गेली तरी पंखे चालणार." नाही चालत! बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून ग्रिडला जोडणारं यंत्र) लाइट गेली की आपोआप बंद होतो, नाहीतर पॅनेलची वीज बाहेरच्या तारेत जाऊन तिथं काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे भर दुपारी पॅनेल तळपतायत आणि खाली आपण घामाघूम. बॅटरी लावा, पण मग खर्च चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घसरतं ते वेगळंच.

पवनचक्कीचं तसंच, वारा पडला की पातं थांबलं.

जलविद्युत हवी तेव्हा सुरू करता येते, हा तिचा मोठा गुण. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आहे. पण धरण म्हणजे कुणाचं तरी गाव पाण्याखाली. आपल्याच मुळशीत मावळ्यांची भातखाचरं बुडाली आणि वीज गेली मुंबईला. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याचसाठी होता, १९२१ पासून.