फिरायला आणि आत झोपायला पहिली व्हॅन घेताय? आधी हे बघा

गाड्या बघायच्या आधी आत किती जण झोपणार ते ठरवा. दोघांना मारुती ईको पुरते, पण आत उभं राहता येत नाही आणि ताम्हिणीच्या पावसात ते फार जाचतं. उभं राहायचंच असेल तर उंच छताची फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर.

जुनी घेताना माझ्या मते इंजिनाआधी पत्रा. इंजिन उघडून नीट करता येतं, गंजून कुजलेला सांगाडा नाही. कोकणात चाललेली गाडी असेल तर रॅम्पवर चढवून खालून टॉर्चने बघाच, छताच्या पन्हळीसुद्धा.

विसार देण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनासारखे फेरफार करता येत नाहीत. पिवळ्या नंबरप्लेटची असेल तर खासगी नोंदणी विकणाऱ्याकडूनच करून घ्या.