झेड पर्लिनची जाडी बरोबर भरली, तर माल पास करावा का?

2 मिमीची पर्लिन (छपराचा पत्रा जिच्यावर बसतो ती झेड आकाराची आडवी पोलादी तुळई) मागवली, मायक्रोमीटर 2.00 दाखवतो, मग हरकत काय, असं तुम्ही विचारलंय. हरकत आहे. त्या 2.00 मध्ये जस्तही आलं. झेड275 थर (दर चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त) दोन्ही बाजू मिळून साधारण 0.04 मिमी खातो, म्हणजे पोलाद उरलं 1.96. ऑर्डरमध्येच 'थर सोडून मूळ पोलादाची जाडी' लिहा आणि माप वाकापाशी न घेता वेबच्या (मधल्या उभ्या पट्टीच्या) सपाट भागावर घ्या. लिपही मोजा, म्हणजे फ्लँजच्या (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीच्या) कडेची दुमडलेली घडी. 20 मिमीच्या जागी 14 आली, तर जाडी पूर्ण असूनही फ्लँजची कड दाबाखाली लवकर वळते.

पण छपरं नुसत्या जाडीपायी पडत नाहीत. "पत्रा स्क्रूने आवळला की पर्लिन जागची हलत नाही, सॅग रॉड कशाला?" हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. (सॅग रॉड म्हणजे शेजारच्या पर्लिनना एकमेकींशी बांधणारी सळई.) पत्रा धरतो वरचा फ्लँज. वारा छप्पर वर ओढतो तेव्हा गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मध्यावर दाब येतो खालच्या फ्लँजवर, आणि त्याला धरायला तिथे काहीच नसतं. तो आडवा सरकतो, पर्लिन पिळवटते. वेबच्या वरच्या भोकांतून ओवलेला रॉडही इथे फारसा कामाचा नाही. वर-खाली दोन्हीकडे बांधणारं ताठ ब्रिजिंग (पर्लिनना एकमेकींशी जोडणारे पोलादी तुकडे) हवं. रॉडच वापरणार असाल, तर एक वरच्या फ्लँजजवळ, पुढचा खालच्या, असे आलटून पालटून घाला.

रॉडची ओळ रिजवर (छपराच्या माथ्यावर) समोरच्या उताराच्या पर्लिनशी जोडलेली आहे का, तेही बघा. नाहीतर उताराची सगळी ओढ माथ्याजवळच्या शेवटच्या पर्लिनवर येते आणि ती वाकते. नट आवळताना दोरी लावून पर्लिन सरळ ठेवा. एका बाजूने जास्त आवळलं की तीच बाक धरते. हे सगळं पत्रा चढण्याआधी. नंतर "करून घेतो" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

कडेच्या बेमधली (इमारतीच्या टोकाच्या दोन फ्रेममधल्या गाळ्यातली) पर्लिन बहुधा जास्त जाडीची असते, कारण तिथे मोमेंटही (वाकवणारा जोर) जास्त आणि वाऱ्याची ओढही. गठ्ठे उतरवतानाच मार्क बघून वेगळे करा. लॅपची (दोन पर्लिन एकमेकींवर चढतात त्या भागाची) लांबी आणि बोल्ट ड्रॉइंगप्रमाणे हवेत. क्लीटचं (पर्लिन फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याचं) भोक जुळलं नाही म्हणून गॅसने मोठं करू देऊ नका.

भिंतीच्या गर्टला (भिंतीचा पत्रा धरणाऱ्या आडव्या तुळईला) हेच लागू, फक्त सी सेक्शनचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही.

आणि एक. स्क्रू आरपार न जाणारा, क्लिपवर सरकणारा पत्रा असेल, तर वरचा फ्लँजसुद्धा धरलेला समजू नका. तिथे ब्रिजिंगच्या ओळी किती, हे डिझायनरकडून लेखी घ्या.