घरात कोविड माझ्यामुळे आला, हे डोक्यातून जात नाही

"मॅडम, घरात कोविड मी आणला, माझ्यामुळे बाबा ऑक्सिजनवर गेले, आता ते घरी आलेत, सगळे म्हणतात झालं गेलं विसर, पण माझ्या डोक्यातून ते जातच नाही, काय करू?" असा प्रश्न मला 2020 पासून थोड्याफार फरकाने येतोय. कधी बाबांच्या जागी आजी असते, कधी नवरा. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 ला कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण ज्या घरात कुणीतरी सिरियस झालं होतं तिथे हा प्रश्न अजून तसाच पडून असतो, आणि बऱ्याचदा त्याबद्दल कुणी बोलतही नाही. म्हणून एका घराबद्दल सविस्तर लिहितेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

गोष्ट 2021 ची. मुलगी तिशीच्या आतली, ऑफिसला जाणारी, घरात आई, बाबा आणि धाकटा भाऊ. सगळ्यात आधी हिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, मग एकेक करून सगळ्यांचे आले, आणि बाबांची ऑक्सिजन लेव्हल खाली गेल्यामुळे त्यांना ॲडमिट करावं लागलं. बरे होऊन घरी आले. पण मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिची झोप पार उडालेली होती. रात्री दोन-तीनदा उठून बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची, आकडा 96 आला तरी दुसऱ्या बोटाला लावून बघायची, आणि बाबा झोपेत खोकले तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं. ऑफिसमधून आली की घरात शिरायलाही तिला नको वाटायचं.

अशा वेळी घरचे आणि मैत्रिणी पटकन म्हणतात, अगं तुझी काही चूक नाही, तू कशाला मनाला लावून घेतेस. प्रेमानेच म्हणतात. पण त्याने काहीही होत नाही, कारण तिच्या डोक्यात पुरावा तयार असतो: पहिला रिपोर्ट माझा, बाहेर जाणारी मी, मग अजून काय सिद्ध करायचं. म्हणून मी तसं म्हटलं नाही. एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, त्या आठवड्यात घरात काय काय झालं ते वारानुसार लिही, कुणाला कधी काय झालं एवढंच, तुला काय वाटतं ते नाही.

तिने लिहिलं. सोमवारी संध्याकाळी मला ताप. मंगळवारी ऑफिसने सांगितलं म्हणून टेस्ट. बुधवारी रिपोर्ट, आणि बुधवारी रात्रीच बाबांचा खोकला सुरू. मग थांबली, आणि खाली लिहिलं, आई त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारपासूनच घसा दुखतोय म्हणत होती पण हवा बदलली असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. भावाला ताप आलाच नाही, त्याचा फक्त वास गेला होता, आणि तो नक्की कधी गेला हे त्यालाही सांगता येत नव्हतं, हातावर साबण घेतला आणि वासच येईना तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

आता या कागदाकडे बघा. त्या काळातल्या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 5 दिवस जायचे, पण कुणाला 2 दिवसांतही दिसायची आणि कुणाला 14 दिवसही लागायचे. शिवाय लक्षणं दिसायच्या साधारण 2 दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, आणि काही जणांना तर लक्षणं येतच नाहीत. म्हणजे मुलीकडून बाबांना गेला असं होऊ शकतं. आईकडून दोघांना गेला असंही होऊ शकतं. भावाकडून सगळ्यांना, किंवा बाबा आणि आई दोघे एकाच ठिकाणाहून घेऊन आले, हेही त्या कागदात बसतं. पहिला रिपोर्ट हिचा होता कारण टेस्ट पहिल्यांदा हिची झाली, आणि ती झाली कारण ऑफिसने मागितली. पहिली टेस्ट झाली ती पहिली पेशंट, असं त्यातून अजिबात ठरत नाही.

तिचा चेहरा जरा सुटला. आणि लगेच म्हणाली, "म्हणजे आईकडून आला असेल का?"

हीच जागा खूप नाजूक असते, आणि मला वाटतं बरीच घरं इथेच अडकतात. माझ्यावरचं ओझं उतरवायचं तर ते दुसऱ्या कुणावर तरी ठेवायलाच हवं, असं मनाला वाटतं. आता ही आई कोण, तर जी स्वतःचा घसा दुखत असताना सगळ्यांची औषधं, सगळ्यांचं तापमान, दाराबाहेर ठेवलेल्या थाळ्या बघत होती, आणि जिला तुझं कसं आहे हे फारसं कुणी विचारलंच नव्हतं. मुलीची सुटका करण्यासाठी त्या बाईला दोषी करणं मला मान्य नव्हतं. म्हणून मी म्हटलं, समज, तुझ्याकडूनच गेला. अगदी नक्की ठरलं. आता मला सांग, रविवारी, तुला ताप नव्हता तेव्हा, तुला काय माहीत होतं?

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, काहीच नाही. रविवारी ती बाबांच्या शेजारी बसून टीव्ही बघत होती, एवढंच. ज्या क्षणी ताप आला त्या क्षणी तिने स्वतःला खोलीत बंद करून घेतलं होतं, मास्क लावून, खिडकी उघडून. जे कळलं ते कळल्याबरोबर केलं. नंतर कळलेल्या गोष्टी ती आधीच्या दिवसांवर लादत होती, आणि मग त्या दिवसांतली ती तिला निष्काळजी दिसत होती. विषाणू आपल्या श्वासातून गेला असेल, पण तो जातोय हे माहीत नसताना आपण कुणाशी वाईट वागलो असं होत नाही. हे ऐकून ती रडली. मी थांबवलं नाही.

यानंतर बाबांना बोलवलं, आणि खरं सांगायचं तर या केसमधलं महत्त्वाचं तिथे बाहेर आलं. बाबा आले ते अगदी हसतमुख. मी एकदम ठणठणीत, पोरगी उगाच काळजी करते, वगैरे. मी विचारलं, काका, जिना चढता का? म्हणाले, हो, रोज चढून दाखवतो तिला. चढून दाखवतो, असंच म्हणाले. मी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी? तेव्हा मुलीकडे बघत बघत हळू आवाजात म्हणाले, दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही, पण ती ऑफिसला गेली की मी झोपून घेतो. मुलगी बघतच राहिली. तिला बरं वाटावं म्हणून ते बरे झाल्याचं दाखवत होते, त्यापायी ताकदीपेक्षा जास्त करत होते, मग एक-दोन दिवस आडवे होत होते, आणि त्या आडवं होण्याची कुणकुण लागली की ती रात्री अजून एकदा ऑक्सिमीटर घेऊन उठत होती.

कोविडनंतर हा प्रकार बऱ्याच जणांना होतो, जास्त श्रम झाले की लगेच नाही तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी थकवा उसळून येतो, कधी डोकंही चालत नाही, शब्द आठवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये कोविडनंतरच्या या आजारपणाची व्याख्या केली: साधारण कोविड होऊन 3 महिने झाल्यावर दिसणारी, निदान 2 महिने टिकणारी आणि दुसऱ्या कशाने समजावता न येणारी लक्षणं. म्हणजे हे नाटक नाही आणि आळसही नाही. पण दुसरं कारण नाही ना, हे डॉक्टरांनीच बघायचं असतं, म्हणून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. छाती, हृदय, रक्त सगळं तपासून झालं आणि त्यांनी सांगितलं की थकायच्या आधी थांबायचं, मधे मधे विश्रांती घ्यायची आणि जोर करून स्टॅमिना वाढवायला जायचं नाही.

मग घरात एक साधी गोष्ट ठरवली. सकाळी बाबांनी स्वतःहून शून्य ते दहामध्ये थकवा किती ते सांगायचं, खरं सांगायचं, आणि मुलीने त्यानंतर दिवसभर विचारायचं नाही. ऑक्सिमीटर डॉक्टर सांगतील तेव्हाच, हात गार असताना नाही, नेलपॉलिश लावलेल्या बोटावर नाही, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं किंवा दाब वाटणं, बोलण्यात गोंधळ, ओठ निळसर होणं, यातलं काही झालं तर मात्र आकड्याची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. असं स्पष्ट ठरलं की काळजी करणाऱ्या माणसाला सतत पहारा द्यावा लागत नाही.

त्याच सेशनमध्ये बाबा हॉस्पिटलबद्दल बोलले. घरी आल्यापासून ते बोललेच नव्हते, कारण विषय निघाला की मुलगी रडायची. शेजारचा बेड एका रात्री रिकामा झाला, कुणी काही सांगितलं नाही, आणि घरचं कुणी भेटू शकत नव्हतं, फोन उचलायचीही ताकद नव्हती. त्यांना हे कुणाला तरी सांगायचं होतं. कोणामुळे झालं हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. अपराधी वाटणारं माणूस घरात असलं की बाकीचे त्याला सांभाळण्यात गुंततात आणि ज्याला खरं सोसावं लागलं त्याचं ऐकायचं राहून जातं, हे मी एका नाही, अनेक घरांत बघितलंय.

काही जण हे वाचून म्हणतील, यांचे बाबा परत आले, आमचे नाही आले. बरोबर आहे. तुमच्यासाठी हे खूप जास्त अवघड आहे आणि एका कागदाने ते सुटेल असं मी म्हणणार नाही. अनेकांना शेवटचं बघताही आलं नाही, त्यामुळे दुःख करायला जागाच मिळाली नाही, मग ते सगळं दुःख 'मीच केलं' या एका वाक्यात जाऊन बसतं. अशा वेळी मी आधी गेलेल्या माणसाबद्दलच बोलायला सांगते, तो कसा होता, काय आवडायचं, कशावरून भांडायचा. दोषाबद्दल नंतर. झोप, जेवण, काम सगळंच बिघडलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर मात्र वाट बघू नका, सायकियाट्रिस्टकडे जा, घरातल्या एकाला बरोबर घ्या.

या घरातली मुलगी अजून कधीतरी विचारते, बाबा आज दम नाही ना लागला. बाबा आता खरं उत्तर देतात, कधी सहा म्हणतात, कधी तीन. कागदाचं तुम्हालाही करून बघायचं असेल तर करा, फक्त त्या त्या दिवशी तुम्हाला जे माहीत होतं तेवढंच त्या दिवसासमोर लिहा, नंतर कळलेलं वेगळ्या पानावर.