आईच्या मेंदूत ६ मिमीचा अ‍ॅन्युरिझम निघालाय, त्रास काहीच नाही. कॉइलिंग करावं, क्लिपिंग करावं की थांबावं?

या विषयावरनं माझं आणि थोरल्या भावाचं अजून वाजतं, म्हणून लिहितोय.

आमच्या आईचा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, ९ मिमीचा होता. २०१९ चा महापूर यायच्या आधी दोन महिने ती मोरीत घसरून पडली, डोक्याला टाके पडले म्हणून सीटी काढला, तर हे भलतंच निघालं. डॉक्टरांनी बीपी विचारलं, तंबाखू विचारली. आम्ही सगळे छातीठोक ‘नाही’ म्हणालो. रोज सकाळी तव्यावर भाजलेली मिसरी कुणाच्या हिशेबातच नव्हती.

दादा पुण्याहून आला तो फोनवर अभ्यास घेऊनच. २००२ साली लॅन्सेटमध्ये आलेला, २१४३ रुग्णांचा. क्लिपिंग म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा, कॉइलिंग म्हणजे जांघेतनं तार नेऊन फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरायची. वर्षभरानंतर मेलेले किंवा परावलंबी झालेले क्लिपिंगमध्ये शंभरात एकतीसच्या आसपास, कॉइलिंगमध्ये चोवीस. “आता कवटी कोण उघडतं रे?” अभ्यास खरा आहे. पण त्यातले फुगे फुटलेले होते, आईचा फुटलेला नव्हता. शिवाय तिच्या फुग्याची मान रुंद. नुसती कॉइल टिकणार नाही, स्टेंट लागेल, मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. आईला अल्सरचा जुना त्रास, म्हणजे त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्रावाची भीती. सर्जन आणि कॉइल घालणारे डॉक्टर, दोघांनीही क्लिपच सुचवली.

आम्ही दोघं भाऊ बाहेर पॅसेजमध्ये भांडत होतो. आईला विचारलं कुणी? मी विचारलं. कॉइल केली तर पुढं तपासायला पुन्हा अँजिओग्राफी लागू शकते, हे ऐकल्यावर ती म्हणाली, “सारखी जांघेतनं तार घालून घ्यायला मी काय मोटर हाय व्हय? एकदाच काय ते करा.”

क्लिप बसली. पण तिचा वास गेला. पुढच्या वाहिनीवरच्या ऑपरेशनात असं होऊ शकतं, हे सह्या करताना सांगितलं होतं. आमची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे, आणि आईला आता गुळाच्या नव्या ढेपेचा वास येत नाही. गौरीच्या सणाला फोडणी करपली की दादा माझ्याकडं बघतो. बघू दे.

तुमचं म्हणाल तर ६ मिमीचा, समोरच्या बाजूचा, आधी कधी न फुटलेला फुगा असेल तर बरेच डॉक्टर स्कॅन करत लक्ष ठेवतात. मागच्या बाजूच्या वाहिनीवर असेल किंवा घरात अजून कुणाला झालेला असेल तर हिशेब बदलतो. बीपी आणि तंबाखू मात्र आजच बघा, मिसरीसकट. एकाच डॉक्टरच्या शब्दावर जाऊ नका, कॉइलवाल्याला कॉइल दिसते आणि क्लिपवाल्याला क्लिप. मी डॉक्टर नाही, गूळ विकतो, हेही लक्षात घ्या. अचानक कधी नव्हे असं डोकं दुखलं तर मात्र इथं विचारत बसू नका, गाडी काढा.

आणि फुगा कुठल्या वाहिनीवर आहे, मान किती रुंद आहे, ते रिपोर्टात बघून खाली लिहा. आईंचं स्वतःचं म्हणणं काय आहे, तेही.