सांगलीत शामरावनगरकडे जुना वन बीएचके घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी मिरज एमआयडीसीत, घरात नवरा, बायको आणि एक मूल. शंभर फुटी रोडच्या पलीकडे, शामरावनगरच्या अंगाला 25 वर्षांच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर वन बीएचके मिळतोय. तेवढ्या पैशात विश्रामबागेत काहीच मिळत नाही. एजंट म्हणतो डोळे झाकून घ्या, सासरे म्हणतात तिकडे पाऊल टाकू नका.

मी बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो आणि राहायलाही त्याच बाजूला आहे, दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे जरा लांबेल.

शामरावनगर म्हटलं की सांगलीकर चिखल आणि पाणी काढतोच. मग आवाज खाली आणून तिसरी गोष्ट सांगतो, की तिकडची वस्ती बरी नाही. या तिसऱ्याचा निकाल आधी लावतो. इथे मार्केट यार्डातले हमाल आहेत, दिवाणजी आहेत, नर्स आहेत, झेडपीचे शिक्षक आहेत, भाड्याने राहणारी कॉलेजची पोरं आहेत, सगळ्या जातिधर्मांची घरं आहेत. वस्तीला नावं ठेवणारे बहुतेक पाहुणे दिवाळीत तासभर येऊन गेलेले असतात. तुम्हाला शंकाच असेल तर रात्री साडेनऊला त्या गल्लीत चक्कर मारा. बायका जेवण झाल्यावर फिरायला निघतात का बघा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे उधारीची वही आहे का तेही बघा. वही चालते तिथे माणसं टिकून राहतात आणि एकमेकांना ओळखतात. एजंटाने दुपारी बाराला दाखवलेल्या फ्लॅटवरून यातलं काही कळत नाही.

चिखल आणि पाणी मात्र खरं आहे, आणि ती दोन वेगळी दुखणी आहेत. एक पावसाचं पाणी. हा सगळा भाग सखल, जमीन काळी. जुने ओढे-नाले प्लॉट पाडताना बुजले, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी जायला वाट नसते आणि मोकळ्या प्लॉटांत ते आठवडेच्या आठवडे साचून राहतं. डास, बेडूक, गाडी घसरणं हे त्यातूनच येतं. त्रास आहे, पण घर बुडत नाही.

दुसरं कृष्णेचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी 57 फुटांवर गेली होती. 2005 आणि 2021 लाही पन्नाशी ओलांडली होती. तिथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ असतात. म्हणून गल्लीत गेलात की "पूर येतो का" असं विचारूच नका, विकायला काढलेल्या घराचा मालक "कधीतरी" एवढंच म्हणणार. "आयर्विनला किती फूट झाले की तुमच्या गल्लीत पाणी येतं?" असं विचारा. जुना रहिवासी लगेच आकडा सांगतो, कारण त्या आकड्यावरच तो गाडी हलवायची की फ्रिज वर चढवायचा हे ठरवतो. शेजारच्या दोन गल्ल्यांचे आकडेही वेगळे निघतात. भागाच्या नावावर घर घेणं किंवा सोडणं मला पटत नाही ते यासाठीच.

हा आकडा मिळाला की महापालिकेत निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारत निळ्या रेषेच्या आत असेल तर बांधकामावर कडक बंधनं असतात. आज राहायला अडचण नाही, पण 15-20 वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की बिल्डर सहजासहजी उभा राहत नाही. जुन्या फ्लॅटची निम्मी किंमत त्याच्या वाट्याच्या जमिनीत असते, ती तिथे अडकते.

आता इमारत. फ्लॅटच्या आत नंतर जा. नवा रंग आणि नव्या फरशीवर भाळायला तिथे भरपूर वेळ मिळेल. आधी जिन्याखाली, पार्किंगमध्ये उभे राहा. महावितरणचे मीटर कुठे आहेत? 2019 नंतर शहाण्या इमारतींनी वर्गणी काढून मीटरचं पॅनेल डोक्याच्या वर, काहींनी तर जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत नेलं. मीटर अजून कमरेएवढ्या उंचीवर असतील तर एक तर तिथे पाणी आलं नाही किंवा इमारतीतल्या लोकांचं एकमेकांशी पटत नाही. दुसरं असेल तर पुढे गळती, पंप, टाकी सगळ्यावर तेच होणार.

मग कॉलमचे पाय बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत प्लास्टर फुगलंय का, किल्लीच्या टोकाने टोकरलं की भसाभस पडतं का, आत सळईचा तांबूस डाग दिसतो का. पांढरा लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर येणारा क्षार, घासून जातो, पण आत गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. केसाएवढ्या असतील तर घाबरू नका, पण बोटाचं नख आत जात असेल किंवा भरलेली भेग पुन्हा फुटली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी तुमच्या एका महिन्याच्या हप्त्याच्या आसपास असेल. 30 वर्षांपुढच्या इमारतीला हे ऑडिट तसंही करावंच लागतं, तुमची इमारत तिथे पोचायला पाचच वर्षं उरलीत. वरच्या मजल्याची गळती खालच्या छताला दिसते, म्हणून पहिल्या मजल्याच्या बाथरूमखाली, म्हणजे पार्किंगच्या छताकडेही एकदा मान वर करून बघा.

कागदांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथले व्यवहार तिथेच फसतात. सांगलीत गुंठेवारीचे प्लॉट भरमसाट आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले, काही तर निव्वळ नोटरीवर. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आला आणि पुढे 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेता आली. तर पहिली विचारणा ही, की जमीन बिगरशेती आहे की गुंठेवारी, आणि गुंठेवारी असेल तर नियमितीकरणाचा दाखला कुठे आहे. दुसरी, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला. नकाशावर तीन मजले आणि प्रत्यक्षात चार, हे मी अनेकदा पाहिलंय. चौथ्यावाल्याला कर्ज मिळत नाही आणि त्याच्यामुळे खालच्यांचीही बँक कां-कू करते.

आपल्याकडच्या लहान इमारती बहुतेक सोसायटी नसतात. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलेलं असतं, त्याला सगळे डिक्लरेशन म्हणतात. ते नोंदलेलं आहे का आणि त्यात तुमच्या फ्लॅटचा जमिनीतला अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिलाय, हे वकिलाकडून वाचून घ्या. नुसतं "सोसायटी नाही, पण काही अडत नाही" असं सांगणाऱ्याला नमस्कार करून परत या. मालक पुण्या-मुंबईला आणि इथे भाऊ वटमुखत्यारपत्रावर सह्या करणार असेल तर मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर तरी बोलाच. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय केवळ मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच स्पष्ट केलंय. मालकीच्या जुन्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च वकिलाकडून काढा, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आणि लाइटबिल बघा.

माझं मत विचाराल तर तुमच्या जागी मी घेतला असता. पहिला मजला आहे, किंमत बदनामीमुळे आधीच उतरलेली आहे, आणि मिरजेला रोज जायला तो रस्ता सोयीचा आहे. तळमजला असता तर फुकट दिला तरी नको म्हटलं असतं. पण डिक्लरेशन किंवा पूर्णत्वाचा दाखला यातलं एक जरी नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि त्याच गल्लीत भाड्याने एक पावसाळा काढा. भाडी इथे कमी आहेत.

इसार देताना रोख देऊ नका. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, "बँकेने कर्ज नाकारल्यास इसाराची रक्कम परत" हे वाक्य घालून घ्या, विकणारा कुरकुर करेल, करू दे. दस्त फक्त वहिनींच्या नावावर केलात तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, दोघांची नावं घातलीत तर मिळत नाही. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. आणि शुल्क करारातल्या किमतीवर की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, तर दोन्हीपैकी जी जास्त असेल तिच्यावर, त्यामुळे स्वस्तात मिळालाय म्हणून दस्ताचा खर्चही कमी होईल असं धरून बजेट करू नका.