लॉनशेजारच्या फुलांच्या वाफ्याला लाकडी कड लावली, तर पावसाळ्यात टिकेल का?

तुमची जागा पुण्यात, कंपाउंडच्या भिंतीलगत २० फूट लांब आणि अडीच फूट रुंद, पुढे हरळीचं लॉन, असं तुम्ही लिहिलंय. त्याच मापाने सांगतो.

टिकेल, पण पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन घेऊ नका. वाळवी त्याचा फडशा पाडते. जुने वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान वखारीत मिळतं, ते बघा. दीड इंच जाड, सहा इंच रुंद फळ्या तिथेच चिरून घ्या. कडेचा पांढरट भाग नको, फक्त तपकिरी गाभा. समोरचे २० आणि दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच मिळून २५ फूट लागतील, त्यावर दोनेक फूट जास्त. जळकं ऑइल फासायचा सल्ला हमखास मिळेल. ते मातीत उतरतं, झाडं पिवळी पडतात. त्याऐवजी जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबरी रंगाचे दोन हात द्या. फळीची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, म्हणून ती कापल्या कापल्या रंगवायची. बहुतेक सुतार नेमकं हेच टाळतात.

दोरी बांधून सहा इंच खोल चर खणा. तळाला दोन इंच बारीक खडी, वर फळी: चार इंच जमिनीत, दोन इंच बाहेर. लाकूड पावसाने तितकं कुजत नाही जितकं बुडाशी साचलेल्या पाण्याने, म्हणून खडी वगळू नका.

खुंट्या दोन बाय दोन इंचाच्या, वाफ्याच्या आतल्या बाजूने, दर अडीच फुटांवर; सांध्याला दोन. एकूण बारा पुरतात. मुरमाड जमिनीत दीड फुटी चालतात, काळ्या मातीत दोन फुटीच घ्या, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फळ्या लॉनकडे कलतात. स्टेनलेसचे तीन इंची स्क्रू लॉनच्या बाजूने, आधी भोक पाडून. वाफ्यातली माती फळीला बाहेर ढकलत असते, तेव्हा स्क्रूचं डोकं तिला धरून ठेवतं. खिळे हळूहळू उपसून येतात.

खरा त्रास हरळीचा. फळीखालून तिच्या मुळ्या येतात आणि वरून धावतेही. वाफा खणताना फावड्याने तुकडे करू नका. डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. माती मोकळी करून कांड्या हाताने वेचा. फळीच्या आतल्या अंगाला जाड प्लास्टिकचा पट्टा दहा इंच खोल उभा सोडा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वरून आलेले धावरे कापा. फळीला चिकटून गवत कापायचं मशीन चालत नाही, तिथे गवताची मिशी राहते. लॉनच्या बाजूने जमिनीसपाट विटांची एक आडवी ओळ घातली की मशीनचं चाक त्यावरून जातं.

फळी दोनच इंच वर आहे, म्हणून वाफ्यातली वरची माती काढून मग सहा इंच भर घाला. त्याला २५ घनफूट मिश्रण लागेल: साधारण दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग कुजलेलं शेणखत, वर तीन-चार किलो निंबोळी पेंड. शेणखत ताजं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच म्हणून समजा.

झाडं निवडताना लॉनला रोज पाणी जातं हे विसरू नका. सदाफुली अशा ओलीत बुडापासून सडते. मागे कर्दळ, मध्ये पेंटास, पुढे बुटका झेंडू लावा; पाण्याचा फवारा थेट फुलांवर येत असेल तर झेंडूही फळीपासून फूटभर आत घ्या.