तडा गेलेलं पातं आणि मेटलर्जीची जागा

उरणहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. इनप्लांट ट्रेनिंगला ती इथल्या गॅस टर्बाइन वीज केंद्रात गेली होती. तेव्हा मशीन उघडलेलं होतं. आतून काढलेली तडे गेलेली पाती तिने पाहिली. तिथले साहेब म्हणाले, ही भंगारात जाणार नाहीत, दुरुस्त होऊन परत याच मशीनमध्ये बसतील. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. टक्के चांगले आहेत, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर मिळेल, पण ती मेटलर्जी, म्हणजे धातूशास्त्र म्हणते. माझे दीर विचारतात, शेवटी वेल्डिंगच करायचं तर आयटीआय काय वाईट होतं? गॅसवरची वीजही बंद पडत चालली आहे. आणि असलं काम हैदराबादला नाहीतर परदेशात. तिला एकटीला पाठवू का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या दिरांचा प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येतोच. पण मुलीने त्या दिवशी नेमकं काय पाहिलं ते आधी तुम्हाला कळायला हवं. मी अशा दुरुस्तीच्या कामात पंधरा वर्षं काढली आहेत. पत्र वाचताना तो तुकडा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

गॅस टर्बाइनमध्ये पात्यांच्या दोन जाती असतात. एक चाकावर बसून फिरणारी, दुसरी कवचाला धरून जागच्या जागी उभी. जळालेला वायू आधी उभ्या पात्यांवर येतो. ती त्याला वळवतात, वेग देतात आणि फिरणाऱ्या पात्यांवर योग्य कोनात सोडतात. वीज केंद्रात त्यांना बऱ्याचदा नोझल म्हणतात, विमानाच्या इंजिनात व्हेन. पहिल्या रांगेवर येणारा वायू हजार अंशांच्या बराच वर असतो. पात्याच्या पोटातून हवा खेळवलेली असते म्हणून धातू तग धरतो. मशीन सुरू होताना पात्याची मागची पातळ कड झटकन तापते आणि वरखालची जाड भिंत मागे राहते. बंद करताना नेमकं उलटं होतं. दर वेळी धातू ओढला जातो, दाबला जातो. असं शेकडो वेळा झालं की कडेपासून तडे आत सरकू लागतात. म्हणून मोठ्या मशीनचे गरम भाग साधारण २४,००० तासांनी तपासतात आणि ४८,००० तासांनी सगळं मशीन खोलतात.

तडा गेलेली वस्तू परत बसवतात हे ऐकून कुणालाही धास्ती वाटेल. पण इथे उभं आणि फिरतं यातला फरक कामी येतो. मोठ्या मशीनमधलं फिरतं पातं मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतं आणि त्या फिरण्याने बाहेर खेचणारा प्रचंड ओढा त्याच्या अंगावर असतो. त्यामुळे त्याला वेल्डिंग करायचं तर फार तर टोकाला, जिथे ताण कमी तिथे. उभ्या पात्याला तो ओढाच नाही. त्याने सोसायचा तो ताप आणि वायूचा दाब. शिवाय पहिल्या रांगेतली पुष्कळ उभी पाती कोबाल्टच्या मिश्रधातूची असतात. एफएसएक्स-४१४ ही त्यातली नावाजलेली जात: २९ टक्के क्रोमियम, १० टक्के निकेल, सुमारे ७ टक्के टंगस्टन, बाकी बहुतेक कोबाल्ट. ही जात वेल्डिंगला बऱ्यापैकी दाद देते. म्हणूनच एकच तुकडा दोन-तीन ओव्हरहॉलमध्ये दुरुस्त होऊन परत जागेवर जाऊ शकतो.

आता दुरुस्ती. पाती आली की आधी त्यांच्यावरचा लेप आम्लात काढतात. मग येतो डीपीचा, म्हणजे डाय पेनिट्रंट तपासणीचा टप्पा, आणि माझ्या मते या धंद्याचा खरा श्रीगणेशा तिथे होतो. साध्या उजेडात तुकडा करडा, खरबरीत, पण बरा दिसतो. त्यावर चमकणारं पातळ द्रव सोडायचं, मुरू द्यायचं, धुऊन काढायचं, पावडर मारायची. मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा धरायचा. हवेच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेलेल्या पोपटी-पिवळ्या रेषा उजळतात. मघाशी ज्याला तुम्ही चांगला म्हणाला होतात, त्याच तुकड्यावर वीस-पंचवीस रेषा असतात. प्रत्येकीची जागा आणि लांबी नकाशावर उतरवायची. ही घासून भरता येईल, ही भरता येणार नाही, हा भाग कापून नवा ओतीव तुकडा जोडावा लागेल, हे पातं बाद. असे निर्णय दिवसभर घ्यायचे असतात, आणि प्रत्येकाखाली कुणाची तरी सही असते.

मग तडा मुळापर्यंत घासायचा, पुन्हा डीपी, मग टिग वेल्डिंग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आणि निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेलं बारीक वेल्डिंग. जिथे बारीक तड्यांचं जाळं असतं तिथे बोरॉन मिसळलेली धातूची पूड भरून निर्वात भट्टीत ती वितळवतात, ती तड्यात शिरून बसते. पण तड्याच्या आत ऑक्साइडचा पापुद्रा राहिला तर ती धरत नाही. निकेलच्या धातूतला हा पापुद्रा इतका चिवट की तो काढायला हायड्रोजन फ्लोराइड वायू तापवून आत सोडावा लागतो. पुढे उष्णोपचार, भोकं मोकळी करणं, नवा लेप. हे सगळं मी भराभर सांगतोय, पण एका गोष्टीपाशी थांबायला हवं, ती म्हणजे थ्रोट. शेजारच्या दोन पात्यांमधली सगळ्यात अरुंद जागा म्हणजे थ्रोट, मशीनचा घसाच तो. वेल्डिंगने आणि भट्टीने पातं किंचित वाकतं आणि घसा बदलतो. एक घसा मोठा, शेजारचा लहान असा संच मशीनमध्ये गेला की मागच्या फिरत्या पात्यांना प्रत्येक फेरीत असमान धक्के बसतात. त्या थरथरीने फिरतं पातं थकून तुटू शकतं, आणि ते तुटलं तर मागचं बरंच काही घेऊन जातं. म्हणून संचातला प्रत्येक घसा मोजायचा आणि कुठला तुकडा कुणाशेजारी बसवायचा तेही ठरवायचं.

दिरांना हे वाचून दाखवा. वेल्डिंग या साखळीतली एक कडी आहे, आणि ती हलकी अजिबात नाही. चांगल्या टिग वेल्डरशिवाय असा कारखाना एक दिवस चालत नाही. तुमच्या मुलीला हातानेच काम करायचं असतं तर आयटीआयच सुचवलं असतं. पण ती मेटलर्जी म्हणतेय ते का बरोबर आहे, हे मला एका प्रसंगातून समजलं.

मी तेव्हा एका दुरुस्ती कारखान्यात होतो. दुसऱ्या रांगेच्या पात्यांचा संच आला होता. कागदांवर धातू कोबाल्टचा लिहिला होता, म्हणून पद्धतही त्याचीच लावली. आमच्या सर्वात जुन्या वेल्डरने काम केलं, डीपी स्वच्छ आली. संच भट्टीतून बाहेर निघाला तेव्हा बऱ्याच तुकड्यांवर वेल्डच्या शेजारून, काठाला समांतर, केसासारखे तडे होते. वेल्डरला मेमो निघाला आणि त्यावर सही माझी होती. वीस वर्षांचा हात, दोन दिवस तो माणूस डबाही एकटाच खायचा.

लॅबमध्ये मेटलर्जी शिकून नुकतीच लागलेली एक मुलगी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने बाद झालेला एक तुकडा कापला, आरशासारखा घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग धातू ओळखायची एक्स-रे गन लावली. कोबाल्ट नव्हताच तो. निकेलचा, आयएन-७३८ जातीचा निघाला, ज्यात ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मिळून जवळपास ७ टक्के असतात. हा धातू वेल्डनंतर भट्टीत तापू लागला की मधल्या तापमानात आतून कडक होत जातो, आणि नेमकं त्याच वेळी वेल्डमधला ताण सैल व्हायला जागा मागत असतो. जागा मिळत नाही आणि तडा जातो. वेल्डरचं काही चुकलं नव्हतं. गन पहिल्याच दिवशी लावायला हवी होती, ते आमचं काम होतं. मेमो मागे घेतला, त्याची माफी मागितली, पण त्याचे ते दोन दिवस मला अजून टोचतात. वेल्डर बिनचूक होता हे सिद्ध करायला धातूच्या पोटात पाहणारं माणूस लागलं. तुमची मुलगी ते माणूस होऊ इच्छिते, ताई. तिला अडवू नका.

आता तुमची काळजी. गॅसच्या विजेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. उरणचं केंद्र ६७२ मेगावॅटचं, अंजनवेलचं १,९६७ मेगावॅटचं, पण गॅसच नाही म्हणून अशी केंद्रं पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. फक्त वीज केंद्रांच्या भरवशावर मी तिला या वाटेने जा म्हणणार नाही. पण गॅस टर्बाइन आणखीही पुष्कळ ठिकाणी आहेत. तुमच्या गावच्या ओएनजीसीत आहेत, मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर आहेत. माझगाव डॉकने बांधलेल्या शिवालिक जातीच्या युद्धनौका एलएम-२५०० टर्बाइनवर वेग घेतात. आणि विमानं तर आहेतच. २०२० मध्ये विमानांच्या देखभाल-दुरुस्तीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र आहे. हैदराबादला सॅफ्रान या फ्रेंच कंपनीने लीप जातीच्या विमान इंजिनांसाठी देखभाल केंद्र उभारलं आहे. इंजिन उघडणं आणि आतलं पातं दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मात्र ध्यानात ठेवा. दुसऱ्या कामाचा मोठा भाग आजही सिंगापूरसारख्या ठिकाणी जातो. तो इथे यायला लागेल तसतशी या शिक्षणाची माणसं लागतील. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल. पहिली तीन-चार वर्षं तो कमीच राहील असं धरून चाला.

प्रवेशाचं म्हणाल तर पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जीचा जुना, चांगला विभाग आहे. पहिली पसंती तीच लिहा. तिथे जमलं नाही तर नुसत्या नावासाठी कुठल्याही कॉलेजात मेटलर्जी घेऊ नका. लॅब बंद असलेल्या मेटलर्जीपेक्षा चांगल्या कॉलेजातलं मेकॅनिकल बरं. त्यानंतर गेट देऊन तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत वेल्डिंग इंजिनिअरिंगचं एम.टेक. करता येतं, किंवा आयआयटी मुंबईत धातूशास्त्राचं. आधी पाय रोवायचे असतील तर डिप्लोमावर एक वर्षाची अप्रेंटिसशिपही आहे. तिची नोंदणी नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर होते. डीपी आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी केलेली) तपासणीची लेव्हल-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीची प्रमाणपत्रं पदवीच्या सुट्टीत मिळवण्यासारखी आहेत, मात्र ती भिंतीवर लावून भागत नाही, तपासणीचे तास भरावे लागतात.

पण ऑप्शन फॉर्म भरण्याआधी तिला एक आठवडा तळोज्याच्या एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये घालवू द्या. टिग वेल्डरच्या शेजारी बसायचं, तो फिलर, म्हणजे जोडात भरायची धातूची तार, कसा सोडतो, जोड गार होताना कसा ओढला जातो ते पाहायचं. नंतर कॉलेजच्या लॅबमध्ये तोच जोड कापून, एमरीवर (पॉलिश पेपरवर) घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पहिला नमुना घासायला तिला अर्धा दिवस लागेल आणि ओरखडे तरीही राहतील. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा तिथे जावंसं वाटलं तर पुढे काही विचारायचं उरत नाही.

हैदराबादबद्दल. मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेसने एका रात्रीचा प्रवास आहे. गॅस टर्बाइन बनवणारा भेलचा रामचंद्रपुरमचा कारखाना तिथे, विशेष धातू बनवणारी मिधानी तिथे, संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा तिथेच. या विषयाचं सोबत मिळणारं शहर आहे ते. मला एकटं राहण्यापेक्षा हवेची काळजी जास्त वाटते. या कामात आम्लाच्या टाक्या आहेत, कोबाल्ट आणि क्रोमियमचा धूर आहे, आणि तो फुप्फुसांना वाईट. मुलाखतीला जाईल तेव्हा तिने शॉप पाहायला मागावं. वेल्डिंगच्या प्रत्येक बूथवर धूर ओढणारं हूड चालू आहे का, वेल्डरच्या तोंडावर मास्क आहे का, ते डोळ्यांनी बघावं. शॉप दाखवायला कुणी नाखूश असेल तर तिथे नोकरी नको, पगार कितीही असो.

तळोज्याचा आठवडा झाला की तिला स्वतःला मला लिहू द्या. तिने पाहिलेल्या पात्यावर तडा मागच्या कडेला होता की भिंतीच्या कोपऱ्यात, आणि तो भोकापाशी सुरू होत होता का, तेही तिला आठवत असेल तर लिहायला सांगा.